मालाची वही कोणाच्या हाती?

(स्त्रियांच्या आर्थिक हक्कांविषयीच्या शिबिरात केलेले भाषण)

मालमत्तेतला हक्क म्हटलं की आपण घर आणि जमीन यांवरच बोलतो. आज मी फळ्या आणि बिजागऱ्यांबद्दल बोलणार आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या केंद्रात एक बाई आल्या. नवरा अचानक गेलेला. तालुक्याच्या गावी त्याचा स्वतःचा सुतारकामाचा छोटा कारखाना. पॉलिशपेपर मारणं, सनमायका चिकटवणं ही कामं बाई पंधरा वर्षं करत होत्या. दीर म्हणाले, "वहिनी, उरलंय काय तिथं? चार फळ्या अन् उधारी. चावी माझ्याकडे द्या." काय उरलंय ते बाईंनाही सांगता येईना. सगळा हिशेब नवऱ्याच्या डोक्यात होता.

मी समाजकार्यात एम. ए. केलेली, लाकडातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. ते बाईंना कळत होतं. आम्ही दोघींनी दोन दिवस बसून मोजदाद केली. लाकूड घनफुटावर विकतात. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्यायची, तिन्हींचा गुणाकार करून १४४ नं भागायचं. ६ फूट लांब, ८ इंच रुंद, दीड इंच जाड फळी म्हणजे अर्धा घनफूट. सागवान वेगळं लिहिलं, प्लायवूड वेगळं. जुन्या बिलांवरून दर लावले. सगळी उधारी फिटून माल उरत होता!

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार, मृत्युपत्र नसेल तर पुरुषाच्या स्वतःच्या मालमत्तेत बायको, मुलगे, मुली आणि आई यांचे समान वाटे असतात. धंद्यातला माल त्यात येतो. पण जे मोजलेलंच नाही, त्यातला वाटा मागणार कसा?

त्या दिवसापासून बाईंनी वही घातली. आला, गेला, शिल्लक. शिवाय कोणत्या कामासाठी गेला. उरलेल्या तुकड्यांवर खडूनं माप लिहून ते वेगळे रचले, म्हणजे खणासाठी अख्खी फळी कापली जात नाही. रोज एक शीट लागते, यायला चार दिवस लागतात. म्हणून सहा उरल्या की मागणी द्यायची. महिन्याला प्रत्यक्ष मोजून वहीशी ताळा घ्यायचा.

पहिल्याच महिन्यात दोन शीट कमी भरल्या. बाईंना कारागिराचा संशय आला. विचारल्यावर कळलं, त्या कापताना बिघडल्या होत्या, भीतीनं कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून वहीत 'खराब' असा चौथा रकाना आहे, आणि त्याबद्दल कोणाला बोल लावायचा नाही असं ठरलं आहे.

सासूबाई आता बाईंच्या बाजूनं आहेत, त्यांचाही वाटा वहीत दिसतो म्हणून. दीर अजून बोलत नाहीत. चावी बाईंकडेच आहे.

मैत्रिणींनो, घरच्या धंद्यात आपण राबतो, पण माल किती ते विचारायला कचरतो. विचारणं म्हणजे नवऱ्यावर अविश्वास, असं आपल्याला शिकवलेलं असतं. तो जिवंत असताना, दोघांनी मिळून मोजलं तर त्यात अविश्वास कसला? दुकान असो, पिठाची गिरणी असो की सुतारकाम, या महिन्यात एकदा माल मोजा आणि वहीवर तारीख घाला.