रंग वाळला, आता रस्ता

जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या जीर्णोद्धाराच्या गोष्टी बहुधा रंगकामापाशी संपतात. पत्रा ठोकून झाला, क्रोम चकाकलं, चामड्याच्या गाद्या बसल्या, हार घालून फोटो निघाला. पुढे गाडीचं काय झालं, हे फारसं कुणी सांगत नाही. बऱ्याच गाड्यांचं काहीच होत नाही. त्या कापडाखाली जातात आणि उभ्या उभ्या पुन्हा बिघडतात. म्हणून आज मी बोलणार आहे ते फोटोनंतरच्या दिवसांबद्दल.

उदाहरण घेऊ एमजी टीसीचं. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९४५ ते १९४९ या काळात अशा सुमारे १०,००० गाड्या तयार झाल्या. दोन माणसांची उघडी गाडी, १९ इंची तारांची चाकं, १२५० सीसीचं इंजिन, ५४ हॉर्सपॉवर. आजची साधी हॅचबॅकही हिला सहज मागे टाकेल. हल्ली एमजी नावाच्या ज्या नव्या गाड्या रस्त्यावर दिसतात, त्यांचं हिच्याशी नातं आडनावापुरतंच.

हिच्या इंजिनात एक गंमत आहे. बोल्टचे आटे मेट्रिक, पण डोकी इंग्रजी व्हिटवर्थ मापाची! मॉरिस यांनी १९२३ मध्ये हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्रीचा कारखाना घेतला. तिथली यंत्रं फ्रेंच मापाची, कामगारांच्या हातातले पाने इंग्रजी. ती तडजोड पुढे कितीतरी वर्षं टिकली. बाजारातला ‘जवळपास बसणारा’ बोल्ट दाबून पिळला, तर गॅरेजात काही कळत नाही. खड्ड्यांतून पाच-दहा किलोमीटर गेल्यावर मात्र तो सैल होतो.

रेडिओवर सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे पेट्रोलच्या पंपाचा आवाज. चावी फिरवली की एसयूचा विजेवर चालणारा पंप भराभर टिकटिकतो, कार्ब्युरेटर भरले की मंदावतो आणि थांबतो. टाकीत पेट्रोल असून, इंजिन बंद असून टिकटिक चालूच राहिली, तर चावी बंद करायची आणि खाली वाकून बघायचं. पेट्रोल कुठेतरी गळतंय, किंवा पंप हवा ओढतोय.

पेट्रोलही ते राहिलेलं नाही. आपल्याकडे २००० साली शिसं गेलं, २०२५ पर्यंत २० टक्के इथेनॉल आलं. शिशाविना व्हॉल्व्हच्या बैठका झिजू शकतात, म्हणून इंजिन उघडलं असतानाच त्या कडक धातूच्या बसवून घ्याव्यात. इथेनॉलने जुन्या पद्धतीचं रबर मऊ पडतं, शिवाय ते हवेतलं पाणी ओढतं. गाडी चार महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा. त्यापेक्षा दर पंधरवड्याला चालवलेली बरी.

आता ब्रेक. टीसीच्या चारही चाकांच्या हायड्रॉलिक ब्रेकना तेलाची व्यवस्था एकच. कुठेही एक नळी फुटली, एक वायसर फाटला की पेडल थेट तळाला. हातात उरतो तो मागच्या चाकांचा, तारेवर चालणारा हँडब्रेक; म्हणून आधी तो नीट लावून घ्यायचा. आमच्या गॅरेजात एक नियम आहे : पहिली फेरी मालकाने मारायची नाही. सहा-सहा वर्षं वाट पाहिलेल्या माणसाला हे सांगणं जिवावर येतं, आणि काही जण रुसतातही. पण मालकाचं लक्ष बघणाऱ्यांकडे असतं, मिस्त्रीचं चाकाकडे. बंद मैदानात, माणसाच्या चालीने, दहा वेळा थांबून बघायचं. मग उतरून प्रत्येक ड्रमजवळ हात न्यायचा. एकच तापला असेल तर तिथला ब्रेक धरून बसलाय. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखालच्या फरशीवर डाग बघायचे.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. आधी नोंद असलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. रोजच्या वापराला परवानगी नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन भरणं, देखभाल यांसाठी आहे. मला हा नियम योग्य वाटतो. ही गाडी ऑफिसला न्यायची नसतेच.

पहिल्या काही किलोमीटरनंतर चाकांची मधली कानवाली नटं तांब्याच्या हातोडीने पुन्हा ठोकून घ्या. डाव्या-उजव्या बाजूचे आटे उलट आहेत, हे विसरू नका. नव्या तारा बसतात तशा सैल पडतात. बोटाने छेडून बघा, एखादी बद्द वाजली की कळतं. वेग बेताचा ठेवा, पण वरच्या गिअरमध्ये इंजिन रखडवू नका. नजर ऑइल प्रेशरच्या काट्यावर असू द्या. सात-आठशे किलोमीटर झाले की ऑइल बदला, इंजिन थंड असताना हेडचे नट ठरलेल्या क्रमाने तपासा, मग व्हॉल्व्हचं अंतर.

खंडाळ्याचा घाट त्यानंतर. चढताना तापमान वाढलं तर कडेला थांबा, आणि रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका. उतरताना चौथा गिअर नको, दुसऱ्यात उतरा. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न दिला, तर त्याला पुढे जाऊ द्या.