जीप पासिंगला न्यायची म्हणजे

मागे आमच्या जीपचा फोटो टाकला होता, तेव्हापासून इनबॉक्सात एकच प्रश्न येतोय: "भावा, पासिंग कसं केलंस?" तर आज फक्त तेवढंच. रंग, हूड, सीट कव्हर वगैरे नंतर कधीतरी.

गाडी माझ्या आजोबांची, १९७३ची महिंद्रा सीजे-३बी. उंच बॉनेटवाली. ते बॉनेट उंच का, तर आत बसणारं हरिकेन इंजिनच उंच. इनटेक व्हॉल्व्ह वर, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. विलीजने ते इंजिन मावावं म्हणून पुढचा भागच वर उचलला आणि महिंद्राने तीच जीप पुढे अनेक वर्षं भारतात बनवली. साधारण २.२ लिटर, चार सिलिंडर, पेट्रोल.

आमच्या जीपचं शेवटचं पासिंग झालं २००० साली. पुढच्याच वर्षी पप्पांनी त्यात डिझेल इंजिन बसवून घेतलं. तेव्हा गावोगाव हेच चालायचं. पेट्रोल परवडत नव्हतं, आणि आरसी बुकात काय लिहिलंय याची फिकीर कुणाला? २००५ला मुदत संपली, मग ती जांब्यात शेतावर पेंढा वाहायची, शेवटी गोठ्यामागे उभी राहिली.

मी दीड वर्ष शनिवार-रविवार घालवून ती उभी केली. पत्रा, पाटे, ब्रेक, वायरिंग. खूश होतो. मग ऑनलाइन नूतनीकरणाचा अर्ज, म्हणजे फॉर्म २५, भरायला बसलो आणि वाहन पोर्टलवर नंबर टाकला तर गाडीच नाही! तीन अक्षरी जुना नंबर, नोंद कागदी रजिस्टरमध्ये, कॉम्प्युटरवर कधी चढलीच नव्हती. आधी 'बॅकलॉग एन्ट्री' करून घ्यावी लागते. दिवसभर डेटाबेसशी झटापट करणारा मी, आणि माझ्याच घरची गाडी डेटाबेसमध्ये नाही.

एन्ट्रीसाठी आरसी बुक उघडलं तेव्हा खरा घोळ कळला. इंधन: पेट्रोल. इंजिन नंबर: भलताच. म्हणजे मी दीड वर्ष जी गाडी सजवत होतो, ती कागदावरची गाडी नव्हतीच.

इथे बरेच जण सांगतात, "एजंटला पैसे दे, होऊन जाईल." नका करू. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीतल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल परस्पर करायचा नाही. इंजिन बदलायची वाट आहे, पण परवानगी आधी, काम नंतर. आमचं काम होऊन वीसेक वर्षं झालेली. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी हेच पान उघडणार.

दुसरी वाट व्हिंटेजची. २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. फी २०,०००, मुदत १० वर्षं. पण मग रोजच्या वापराला बंदी. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला नेणं, बस्स. पप्पा म्हणाले, "शेतावर न्यायची नाही तर काय पूजा करायची?" आणि मूळ रूप तिथेही लागणारच होतं.

म्हणजे जुनं इंजिन हवं. ते होतं कुठे? गोठ्यात, ताडपत्रीखाली. आजी त्यावर वैरणीची पाटी ठेवायची. मिस्त्रींनी बघितलं आणि पहिला प्रश्न टाकला, "बेल हाउसिंग आहे का? नसेल तर हे भंगार." ते माळ्यावर सापडलं, त्यात कोंबडीची पिसं.

आता ऐका, हे महत्त्वाचं. या इंजिनाचा नंबर ब्लॉकच्या पुढच्या बाजूला, वॉटर पंपाजवळ कोरलेला असतो. आमचा रंग आणि गंजाखाली गडप. मी उत्साहात ग्राइंडर उचलला, मिस्त्री ओरडले, "ठेव तो खाली!" नंबर घासलेला दिसला की तपासणारा माणूस चोरीचाच विचार करणार. घासलेट, जुना टूथब्रश, दोन संध्याकाळी. मग त्यावर खडू फिरवला, तसे आकडे पांढरे उठले. शेवटचा आकडा ३ की ८? आरसी बुकात शाई फुटलेली. त्या रात्री झोप नाही. ८ निघाला असता तर पुढचं सगळं वाया. ऑफिसातल्या जुन्या रजिस्टरमध्ये स्वच्छ अक्षरात ३ होता. पुन्हा खडू लावून भिंगाने बघितलं. ३च.

पुढचं भरभर सांगतो. इंजिन जाम होतं, मिस्त्रींनी आठवडाभर तेलात भिजवलं, सुटे भाग नाना पेठेत मिळाले. पीयूसीला पहिल्यांदा नापास. इतक्या जुन्या पेट्रोल चारचाकीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो. कार्ब्युरेटर नीट लावल्यावर खाली आला. थर्ड पार्टी विमा काढला. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर चालवायची नाही, म्हणून टोइंगवर चढवून तपासणीला नेली.

आणि नापास! इंजिनमुळे नाही, माझ्यामुळे. मडगार्डबाहेर येणारे रुंद टायर, वर एलईडी बार, पुढे बुल बार. बुल बारला २०१७पासूनच मनाई आहे, हे मला माहीत असायला हवं होतं. साहेबांनी चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट शांतपणे पडताळला आणि म्हणाले, "गाडी ओरिजिनल आहे, तुम्ही नाही." पप्पा तिथेच हसले.

दुसऱ्या फेरीत मूळ मापाचे ६.००-१६ टायर, मागे रिफ्लेक्टर, चालणारा वायपर, हॉर्न, उतारावर धरणारा हँडब्रेक. दहा मिनिटांत पास, पाच वर्षांसाठी. मी भरले तेव्हा फी ५,००० होती. २०२२पूर्वी ६०० होती. ऑगस्ट २०२५पासून २० वर्षांपुढच्या मोटारीला १०,००० आहे, शिवाय पर्यावरण कर वेगळा. "डिझेल दहा वर्षांत बंद ना?" असं विचारणाऱ्यांसाठी, तो नियम दिल्ली परिसराचा, आपला नाही.

आरसी आली त्या रविवारी पप्पांनी किल्ली मागून घेतली. बोलणं एकच, "डिझेलसारखा दम नाही." तासाभराने फोन आला. मारुंजीच्या पुढे पेट्रोल संपलं होतं, काटा त्यांना आठवलाच नव्हता. मी कॅन घेऊन स्कूटरवर निघालो.