पिंपातला जिम



एकाच वर्गात काही मुलं जाडजूड पुस्तकाचा फडशा पाडतात, तर काही अजून ओळीवर बोट ठेवून वाचतात. साहसकथेची ओढ मात्र सगळ्यांना सारखीच. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणून मुलांची ही ओढ पुरवली. आज वाचनाची तयारी वेगवेगळी असलेल्या मुलांसाठी जुन्या साहसकथा नव्याने लिहायच्या, तर कात्री कुठे चालवावी?

'ट्रेझर आयलंड' घ्या. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची ही कादंबरी १८८१-८२मध्ये मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः आली आणि १८८३मध्ये तिचं पुस्तक झालं. खजिन्याच्या बेटाकडे निघालेल्या जहाजावर पोरसवदा जिम सफरचंदासाठी पिंपात उतरतो. तिथेच त्याला पेंग येते. तेवढ्यात जहाजाचा आचारी सिल्व्हर पिंपाला टेकून बोलू लागतो. डिक नावाच्या तरुण खलाशाला बंडात ओढण्यासाठी तो त्याची तोंडभरून स्तुती करतो. अगदी त्याच शब्दांत त्याने पूर्वी जिमची स्तुती केलेली असते! जिम आधीच घाबरलेला असतो, पण हे ऐकून त्याला संतापही येतो. गोष्टीचा जीव इथे आहे. संक्षेप करताना बंडाचा कट ठेवतात आणि नेमका हा संताप गाळतात.

ओळीवर बोट ठेवून वाचणाऱ्या मुलालाही हा संताप सोप्या भाषेत सांगता येतो. ऐका: 'जिम पिंपात बसून ऐकत होता. बाहेर सिल्व्हर डिकला सांगत होता, तू फार हुशार आहेस. जिम चिडला. हेच सिल्व्हरने आधी जिमलाही सांगितलं होतं.' सिल्व्हरचं नाव सोडलं, तर यात एकही जोडाक्षर नाही.

मधल्या पातळीच्या वाचकाला पुढचा प्रसंगही द्यावा. सिल्व्हर डिकला पिंपातून सफरचंद काढायला सांगतो आणि जिमचे हातपाय गळतात. दुसरा खलाशी सफरचंदाऐवजी रम मागतो, म्हणून पोरगं वाचतं. तयारीच्या वाचकाला खलाशांची रांगडी बोली आणि सिल्व्हरच्या जुन्या चाचेगिरीच्या बढाया, सगळं मिळू दे.

आणखी एक. नववीतलं मूल वाचनात कच्चं असलं, तरी मनाने नववीतलंच असतं. बाळबोध चित्रांचं पुस्तक हाती दिलं, तर ते वर्गात उघडायलाही त्याला लाज वाटते. त्याच्यासाठी वाक्यं लहान करा, विषय लहान करू नका.

मग या तिन्ही पातळ्यांची पुस्तकं वाचणाऱ्या मुलांना एकत्र बसवा आणि विचारा: सिल्व्हरवर विश्वास टाकला, यात जिमचं काही चुकलं का? सर्वांत पातळ पुस्तक वाचलेल्या मुलालाही या वादात हिरिरीने उतरता आलं पाहिजे. शिक्षकांनो, पालकांनो, संक्षिप्त आवृत्ती निवडताना हीच कसोटी लावा.