आपण कोणत्या गटात?

(संक्रांतीनिमित्त कर्जत येथे झालेल्या प्रभागसंघाच्या हळदी-कुंकू कार्यक्रमात आरोग्य उपसमितीच्या एका ताईंनी केलेले भाषण. ज्या भगिनी येऊ शकल्या नाहीत त्यांच्यासाठी देत आहोत. आपल्या समूहाच्या बैठकीत मोठ्याने वाचावे.)



मागे उभ्या असलेल्या पुरुष मंडळींना अध्यक्षताईंनी चहाला पाठवलंय, तेव्हा आज मोकळं बोलू. विषय आहे पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचा. कागदावर त्याला गर्भाशयमुखाचा कर्करोग म्हणतात.

आधी माझ्या मोठ्या जाऊबाईंचं सांगते. त्यांची पाळी जाऊन चार वर्षं झाली होती. मग पुन्हा अंगावरून जायला लागलं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. कपडे पहाटे अंधारात धुवायच्या. कंबरदुखीला गोळी घ्यायच्या आणि खुरपायला जायच्या. मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा आजार पसरला होता. वर्षभरात गेल्या. त्या आमच्याच समूहात होत्या. कर्जाचा एक हप्ता त्यांनी कधी चुकवला नाही. दर आठवड्याला आमच्या मांडीला मांडी लावून बसायच्या, आणि आम्ही त्यांना बचत विचारली, हप्ता विचारला, तब्येत कुणीच विचारली नाही. ते मला आजही खातं.

जाऊबाई गेल्यावर मी या आजाराविषयी मिळेल ते वाचलं, डॉक्टरांना विचारत राहिले. सगळ्यात आधी कळलं ते असं, की हा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. तो एका विषाणूमुळे होतो. त्याचं नाव एचपीव्ही. जर्मनीच्या हॅराल्ड झुर हाउझेन या शास्त्रज्ञाने हे शोधलं, त्यांना 2008 साली नोबेल मिळालं. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक बाया-पुरुषांना हा विषाणू कधी ना कधी लागतो आणि बहुतेकांच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघूनही जातो. काही जणींच्या शरीरात मात्र तो ठाण मांडून बसतो. त्यानंतरही कॅन्सर व्हायला साधारण दहा-वीस वर्षं लागतात. म्हणजे त्याला अडवायला आपल्या हातात दहा वर्षं तरी असतात. जाऊबाईंच्या हातातही होती. कुणाला माहीत नव्हतं, एवढंच.

आता दुसरी गोष्ट ऐका. ती दूरदेशीची नाही. जामखेड ओलांडलं की धाराशिव जिल्हा लागतो, तिथली आहे. तेव्हा त्याला उस्मानाबाद म्हणायचे. 1999 च्या ऑक्टोबरपासून तिथल्या 497 गावांत एक मोठा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली कॅन्सर संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून तो केला. 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांवर बायका त्यात होत्या. शेतात जाणाऱ्या, धुणं-भांडी करणाऱ्या, आपल्यासारख्याच.

गावांचे चार गट केले, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे. पहिल्या गटातल्या बायकांची एचपीव्हीची तपासणी झाली. दुसऱ्या गटात पेशींची तपासणी, तिला पॅप म्हणतात. तिसऱ्या गटात पिशवीच्या तोंडाला सौम्य ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहिलं. चौथ्या गटाची तपासणी केलीच नाही. त्या बायकांना आजाराची माहिती दिली आणि तपासणी कुठे होते ते सांगितलं. ज्यांच्यात दोष सापडला त्यांच्यावर उपचार केले. मग आठ वर्षं सगळ्यांची नोंद ठेवली.

2009 साली निकाल आला. एचपीव्ही तपासणीच्या गटात 34,126 बायका होत्या. त्यातल्या 34 जणी या कॅन्सरने गेल्या. चौथ्या गटात 31,488 बायका होत्या. त्यातल्या 64 गेल्या. एकदाच केलेल्या तपासणीने मरण जवळजवळ निम्म्यावर आणलं. आणि ज्यांची एचपीव्ही तपासणी निगेटिव्ह आली होती, त्यांच्यातली या आठ वर्षांत एकही या कॅन्सरने गेली नाही.

चौथ्या गटातल्या बायकांना तपासणी न देणं योग्य होतं का, यावर पुढे मोठा वाद झाला. मला विचाराल तर मनाला टोचतंच. त्या 64 जणींची नावं आपल्याला ठाऊक नाहीत, पण त्या आपल्या शेजारच्या होत्या. त्यांच्या आणि बाकी सगळ्या बायकांच्या जिवावर जगाला हे शहाणपण मिळालं. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की प्रत्येक बाईची 35 वर्षांपर्यंत एकदा आणि 45 पर्यंत पुन्हा एकदा अशी चांगली तपासणी व्हावी. त्या सल्ल्यामागे या गावांचाही वाटा आहे.

आणि आपण? 2019 ते 21 च्या सरकारी कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं, की देशात 30 ते 49 वयाच्या शंभर बायकांत दोघींनीसुद्धा ही तपासणी कधी केलेली नव्हती. आता या मांडवात मनातल्या मनात उत्तर द्या, मी कोणत्या गटात? हात वर करू नका. माझं मी सांगते. जाऊबाई जाईपर्यंत मी चौथ्या गटात होते. त्या गावांना चिठ्ठीने चौथ्या गटात टाकलं होतं. आपण माहिती असून तिथेच बसून राहायचं का?

न जाण्याची कारणं मला माहीत आहेत, माझीही तीच होती.

पहिलं कारण लाज. ही तपासणी पाच-दहा मिनिटांची. बाई डॉक्टर किंवा सिस्टर करतात. थोडं अवघडल्यासारखं होतं, बाळंतपणाच्या मानाने काहीच नाही.

दुसरं कारण संशय. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर लोक काय म्हणतील, नवरा काय म्हणेल. म्हणून नीट ऐका. हा विषाणू शरीरात कित्येक वर्षं गुपचूप राहू शकतो. तो कधी आला, कुणाकडून आला, हे कोणतीही तपासणी सांगत नाही. त्यावरून बाईच्या किंवा पुरुषाच्या चारित्र्याचा हिशोब करणारा माणूस अडाणी समजावा. आणि पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. उस्मानाबादच्या अभ्यासात तपासलेल्या दहात साधारण एकीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, म्हणजे 2,800 च्या आसपास बायका. कॅन्सर मात्र त्या सबंध गटात आठ वर्षांत 127 जणींना झाला. पॉझिटिव्ह म्हणजे 'पुढची तपासणी करून घ्या' अशी चिठ्ठी.

तिसरं कारण सगळ्यात मोठं. 'दवाखान्यात गेलं की पिशवी काढायला सांगतात.' ही भीती खोटी नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात 2019 साली ऊसतोड करणाऱ्या 82 हजार बायकांची पाहणी झाली, त्यात 13 हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. कित्येकींना 'नाही काढली तर कॅन्सर होईल' असं सांगून घाबरवलं होतं. म्हणून ही गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा. तपासणीत दोष दिसला तर आधी दुर्बिणीतून बघतात, गरज पडली तर बारीक तुकडा काढून तपासतात. कॅन्सरच्या आधीचा डाग असेल तर तो बहुतेक वेळा गोठवून, शेकून किंवा तेवढाच भाग काढून घालवता येतो. बाई त्याच दिवशी घरी येते आणि पिशवी जागेवर राहते. नुसतं पांढरं जातंय म्हणून किंवा सोनोग्राफीत सूज दिसली म्हणून कुणी पिशवी काढा म्हणालं, तर सही करू नका. तुकड्याचा रिपोर्ट मागा आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. ज्या ताईंची पिशवी आधीच काढलेली आहे, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. चूक त्यांची नव्हती.

आता कुठे जायचं? 30 ते 65 वयाच्या बायकांसाठी सरकारी आरोग्य केंद्रात दर पाच वर्षांनी मोफत तपासणीचा कार्यक्रम आहे. आपल्या आशाताईंना आणि उपकेंद्रातल्या सिस्टरना दिवस विचारा. पाळी चालू असताना जाऊ नका. तिथे बहुधा व्हिनेगरची तपासणी होते. उस्मानाबादमध्ये ही तपासणी एकदाच केली, तेव्हा तिचा म्हणावा तसा फरक दिसला नाही. पण मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने हीच तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा केली. करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्य कार्यकर्त्या होत्या. तिथे या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. म्हणून व्हिनेगरची तपासणी एकदा करून निर्धास्त बसू नका, ती पुन्हा पुन्हा करायची. आणि एचपीव्हीची तपासणी आपल्या तालुक्यात मिळावी यासाठी प्रत्येक ग्रामसंघाने आरोग्य विभागाला पत्र द्यायचं. त्या तपासणीत मऊ ब्रशने नमुना घेतात, आणि तो बाईला स्वतःलाही घेता येतो. लाजेचा प्रश्नच मिटतो.

एक मात्र लक्षात ठेवा. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, संबंधानंतर रक्त आलं, किंवा वास येणारं पाणी जात असलं, तर शिबिराची वाट बघू नका. लगेच डॉक्टरांकडे जा. कॅन्सर निघालाच तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार होतात. रेशनकार्ड आणि आधार घरात सापडेल असं ठेवा.

मुलींचंही सांगते. 9 ते 14 वयात एचपीव्हीची लस दिली तर पुढचा धोका खूप कमी होतो. पुण्याच्या सीरम कंपनीनेही ही लस बनवली आहे. एक डोसही पुरेसा ठरतो, असं जागतिक संघटनेने 2022 मध्ये सांगितलं. त्याचा एक मोठा पुरावा भारतातल्या मुलींच्या दहा वर्षांच्या अभ्यासातून आला, आणि बार्शी हे त्यातलं एक केंद्र होतं. शाळेत, उपकेंद्रात लसीची चौकशी करा. पण लेकीला लस दिली म्हणून आईची तपासणी चुकत नाही.

शेवटचं. आपल्या दशसूत्रीत आरोग्याची काळजी हेही एक सूत्र आहे. ते आपण वाचतो आणि पुढे जातो. आता त्याला वहीत जागा देऊ. प्रत्येक समूहाने एक पान काढायचं. त्यावर तीनच रकाने: तपासणीला गेली का, रिपोर्ट हातात आला का, पुढे बोलावलं असेल तर गेली का. रिपोर्टात काय आलं ते वहीत लिहायचं नाही, बैठकीत विचारायचं नाही. ते त्या बाईचं आणि डॉक्टरांचं. दोघी-दोघींच्या जोड्या करा, एकमेकींबरोबर जा. रोजगार बुडतो म्हणून कुणी मागे राहत असेल तर गाडीभाड्यापुरतं अंतर्गत कर्ज द्या. आणि तिसरा रकाना रिकामा राहू देऊ नका. तपासणी करून पुढे न जाणं म्हणजे पहिला हप्ता भरून बाकीचे बुडवणं. त्याचं व्याज जिवाने फेडावं लागतं.

आज इथे सगळ्या जणी आल्यात. कपाळाला कुंकू असलेल्या, नसलेल्या, सगळ्यांनी एकमेकींना तिळगूळ दिला, याचा मला आनंद आहे. यंदा वाण म्हणून डबा-वाटी लुटली, छानच. त्याबरोबर एक तारीखही द्या. शेजारी बसलेल्या ताईला आत्ताच सांगा, 'मी अमुक दिवशी जाणार, तू येशील का?'

माझी जोडीदारीण ठरली आहे. जाऊबाईंची सून. आम्ही पुढच्या मंगळवारी जातोय.