पाहुणा पैसे कशाचे देतो?

शेतघरं, घरगुती निवास, हुरडा केंद्रं चालवणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींनो,

आपला हा मेळावा राहुरीत भरला, याचा मला विशेष आनंद आहे. एका अंगाला शिर्डी, दुसऱ्या अंगाला शनिशिंगणापूर, जवळच मुळा धरण आणि १९६८ पासूनचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ. इथे मुक्कामाला येणारी माणसं इतकी वेगवेगळी, की सगळ्यांना एकच सोयींची यादी दाखवून भागत नाही.

आधी देवदर्शनाला निघालेलं कुटुंब घ्या. ते रात्री उशिरा पोचतं आणि काकड आरती गाठायला पहाटेच्याही आधी निघतं. तुमची बाग त्यांनी पाहिलेलीसुद्धा नसते. त्यांना हवं असतं अंघोळीला कढत पाणी, बादली-मग, गुडघे धरलेल्या आजीसाठी कमोड आणि गाडीच्या ड्रायव्हरला पाठ टेकायला जागा. ड्रायव्हरची सोय आपल्यापैकी फार थोडे करतात, आणि रात्रभर गाडीत अवघडून बसलेल्या माणसाच्या हाती दुसऱ्या दिवशी त्या कुटुंबाचा जीव असतो. शिवाय हे लोक तुमचा दर ताडून बघतात तो भक्तनिवासाशी. शेगावच्या गजानन महाराज संस्थानात माफक पैशांत लख्ख खोली मिळालेली त्यांना आठवते. त्यांना तुमचा दर महाग वाटला तर रागावू नका. फक्त पहाटे कढत पाणी मिळेल, एवढं बघा: सौर हीटरच्या जोडीला लाकडाचा बंब पेटता ठेवा.

हुरड्याचा पाहुणा वेगळा. तो पुण्याहून, नाशकातून, छत्रपती संभाजीनगरातून येतो, मुलाबाळांसह येतो आणि अख्खा दिवस मागतो. ज्वारी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली, तर डिसेंबर-जानेवारीत हुरड्यावर येते, आणि कणसातला दाणा तसा कोवळा, दुधाळ राहतो तो थोडेच दिवस. आपल्या विद्यापीठाने खास हुरड्यासाठी फुले उत्तरा, फुले मधुर असे वाण दिले आहेत. ज्यांनी टप्प्याटप्प्याने पेरणी केली, त्यांचा हंगाम लांबतो. पण मार्चमध्ये फोन आला की “या, हुरडा आहे” म्हणून शीतपेटीतला दाणा आगटीशिवाय तव्यावर गरम करून वाढायचा, हे मला मान्य नाही. त्या माणसाने पैसे दाण्याचे दिलेले नसतात. आगटीभोवती बसून राखेतून काढलेलं गरम कणीस हातावर चोळून खायला तो आलेला असतो. “हुरडा संपला, आता उसाचा रस आणि पिठलं-भाकरी आहे” असं सांगितलं तर काही जण येणार नाहीत. जे येतील ते तृप्त होऊन जातील.

अकोले तालुक्यातली मंडळी याहून अवघड पेचात आहेत. भंडारदरा, पुरुषवाडी या भागात मे अखेरीस आणि जूनमध्ये लोक काजवे पाहायला जातात. काजवे दिसायला काळोख लागतो, आणि शहरातल्या पाहुण्याला अंगणात, वाटेवर, मोरीपर्यंत दिवा लागतो. त्याच्या मागणीप्रमाणे सगळीकडे झगझगीत दिवे लावले, तर ज्यासाठी तो आला तेच नाहीसं होईल. तिथे काळोख हीच सोय आहे. पायापुरता मंद दिवा द्यावा आणि बाकी अंधार कशासाठी राखला, ते आरक्षण घेतानाच समजावून सांगावं.

माझं आजचं म्हणणं इथेच आहे. नसलेल्या सोयीवर पाहुणा फारसा चिडत नाही. आपण सांगितलेलं आणि त्याला मिळालेलं यांत जेवढं अंतर, तेवढा त्याचा राग. २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दोन तरुणांनी भाडं भागवायला घरात हवेच्या गाद्या टाकून, न्याहारी देऊन पाहुणे ठेवले. एअरबीएनबी तिथून उभी राहिली. ते पाहुणे जमिनीवर झोपले, पण जमिनीवर झोपायचं आहे हे त्यांना ठाऊक होतं. पुढे या व्यवसायात खोलीचा भाव एक आणि साफसफाईचा आकार मिळून शेवटची रक्कम भलतीच, असं होऊ लागलं. अखेर अमेरिकेत १२ मे २०२५ पासून नियम लागू झाला, की अल्पमुदतीच्या निवासाचा भाव दाखवताना सक्तीचे सगळे आकार धरूनच दाखवायचा. नियमाने भाग पाडण्याची वाट आपण कशाला बघायची? जादा गादीचे, आगटीच्या लाकडाचे पैसे निघताना सांगणं बंद करू या.

तसंच बिबट्याचं. उसाच्या पट्ट्यात तो आहे, हे आपण सगळे जाणतो. पाहुणा घाबरेल म्हणून गप्प राहणं हा गुन्हा आहे. रात्री लेकरांना एकटं बाहेर सोडू नका, हे दारातच सांगा. बोअरचं पाणी क्षारांचं असेल, मोबाइलला रेंज नसेल, नगर-मनमाड रस्त्यावर वेळ जास्त लागत असेल, तर तेही सांगा.

आता दराकडे येतो, आणि हे थोडं कडू आहे. आपले दर कमी दिसतात, कारण त्यात घरातल्या बाईचे कष्ट धरलेलेच नसतात. बाहेरून भाकरी थापायला बोलावलेल्या बाईचा रोज आपण लिहितो. पहाटे चुलीशी बसणारी आई, चादरी धुणारी बायको यांच्या नावाने वहीत रकाना नाही. मग त्या कमी दरात भागेना, म्हणून रविवारी झेपतील त्यापेक्षा जास्त माणसं घेतो. दोन संडासांवर चाळीस माणसांचा भार पडतो, घरातल्या बायका दमून जातात आणि पाहुणा म्हणतो, पैसे वसूल झाले नाहीत. तो खरंच बोलतो. स्विमिंग टँकसाठी कर्ज काढण्याआधी तिसरा संडास बांधा आणि माणसं मोजून घ्या.

राज्याचं कृषी पर्यटन धोरण सप्टेंबर २०२० मध्ये आलं. ज्यांनी अजून नोंदणी केलेली नाही, त्यांनी ती करावी. पण दाराशी आलेल्या माणसाला काय सांगायचं, ते आपणच ठरवायचं आहे. दुपारच्या सत्रात प्रत्येक केंद्राने एका पानाचा कागद तयार करावा: काय आहे, काय नाही, कोणत्या महिन्यात काय मिळेल आणि सगळं धरून दर किती. दराची ओळ मात्र सुरुवातीला कोरी ठेवा. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या भगिनी इथे मोठ्या संख्येने आल्या आहेत. आधी त्यांनी व्यासपीठावर येऊन आपल्या कामाचे तास आणि त्याचा मोबदला सांगावा, आणि मगच ती ओळ भरावी, अशी अध्यक्ष म्हणून माझी सूचना आहे.