जर्मनीतलं पहिलं वर्ष

नोकरीनिमित्त मुलाबाळांसह जर्मनीला गेलेल्या मराठी कुटुंबाची पहिल्या वर्षी खरी ओळख होते ती तिथल्या शाळेशी. घरात राहायला गेल्यावर 2 आठवड्यांत पत्त्याची नोंद करायची, ते काम एकदाच उरकतं. शाळेचं तसं नाही. साधारण सहाव्या वर्षापासून शाळा सक्तीची. घरी शिकवायची मुभा जवळपास नाहीच. पहिलीच्या पहिल्या दिवशी मूल खाऊनं आणि पेन्सिलींनी भरलेला, छातीपर्यंत पोचणारा कागदी शंकू कवटाळून उभं असतं. बालवाडीत पाऊस असला तरी मुलं बाहेर खेळतात, म्हणून खुंटीवर चिखलासाठीची रबरी विजार कायम लटकलेली. पोहण्याचा पहिला बिल्ला मिळवायला काठावरून उडी मारून 25 मीटर पोहायचं, वर खांद्याएवढ्या पाण्यातून वस्तू काढून आणायची!

मुलं खेळता खेळता भाषा उचलतात. पण डिसेंबरात साडेचारच्या सुमारास अंधारून आलं की घरी असलेल्या आईचा जीव कासावीस होतो, आणि तिचा एकटेपणा घरातल्यांच्याही ध्यानात येत नाही. तिनं पहिल्याच महिन्यात भाषेच्या वर्गात नाव घालावं, असं मला कळकळीनं वाटतं. गावोगावच्या फोक्सहोखशूलमध्ये, म्हणजे प्रौढांच्या शिक्षणकेंद्रांत, असे वर्ग माफक शुल्कात चालतात.