उसण भरली म्हणजे

सकाळची वेळ. घरांतील कर्ता पुरुष तोंड धुण्यासाठीं जरासा वांकतो, तेवढ्यांत शिंक येते, आणि कंबरेंत अशी कांहीं कळ उठते कीं, सरळ उभें राहतां येत नाहीं. भिंत धरून, पावलें मोजीत तो कसाबसा पलंगापर्यंत येतो. दहा मिनिटांत सारें घर गोळा होतें. आजी तव्यावर विटेचा तुकडा तापवावयास सांगतात. शेजारच्या काकू पलीकडच्या गल्लींतील पायाळू मुलाला हांक मारावयास कोणाला तरी पिटाळतात. कॉलेजांत जाणारा मुलगा हातांतील फोनवर कण्याचीं चित्रें पाहून घाबरतो व आजच्या आज एम्. आर. आय. काढावा म्हणतो. गृहिणी उशा सारखी करून बजावते, ‘आतां आठ दिवस तुम्हीं अंथरूण सोडायचें नाहीं.’ यांतील प्रत्येकाचा हेतु चांगला आहे. परंतु त्या गृहस्थाला अपाय होण्याचा संभव विटेच्या शेकापेक्षां शेवटच्या दोघांच्या काळजींतच अधिक आहे.

हें म्हणणें चमत्कारिक वाटण्याचें कारण असें कीं, पाठीच्या कण्याचें एक चुकीचें चित्र बहुतेकांच्या मनांत ठसलेलें असतें. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांत पूर्वीं मडक्यांची उतरंड असे. मधलें एक मडकें जरा हाललें कीं वरचीं सारीं डुगडुगूं लागत. कणा तसाच रचलेला आहे व एका शिंकेनें त्यांतील मणका जागचा सरकतो, अशी समजूत असते. वस्तुतः कणा हा शरीराचा अत्यंत बळकट भाग आहे. जन्मतः मणके ३३ असतात. त्यांतील खालचे ९ वाढत्या वयांत एकमेकांस जुळतात, आणि मानेचे ७, छातीमागचे १२ व कंबरेचे ५ असे २४ सुटे राहतात. या सुट्या मणक्यांच्या मध्यें चकत्या असतात. बाहेरून चिवट तंतूंचीं कडीं आणि आंत मऊ गर, अशी चकतीची घडण. रात्रीं निजल्यावर ती पाणी शोषून फुगते, दिवसभराच्या भारानें पुन्हां चेपते. म्हणून मनुष्य संध्याकाळपेक्षां सकाळीं सेंटिमीटरभर तरी उंच भरतो! ही चकती वरखालच्या मणक्यांस घट्ट जखडलेली असल्यामुळें ती ‘सरकत’ नाहीं. फार तर तिच्या कड्यांस चीर जाऊन आंतील गर बाहेर डोकावतो, व तोही पुष्कळदां कांहीं महिन्यांत आपोआप आटतो.

हा गर मज्जातंतूवर दाबला गेला म्हणजे कंबरेपासून मांडी, पोटरी, पाऊल अशी कळ उतरत जाते. चरकसंहितेंत वातव्याधींमध्यें या दुखण्याचें गृध्रसी या नांवानें वर्णन आहे. त्याचें एक मुख्य कारण चकतींत सांपडतें, हें बोस्टनचे शल्यवैद्य मिक्स्टर व बार यांनीं १९३४ सालीं दाखवून दिलें, आणि शस्त्रक्रियेनें अनेकांचे पाय वांचले. मात्र या शोधाचा एक दुष्परिणामही झाला. पुढें कित्येक वर्षें जी ती पाठदुखी चकतीच्याच माथीं मारली जाऊं लागली. खरी गोष्ट अशी कीं, कंबर दुखते म्हणून येणाऱ्या शंभर रोग्यांपैकीं सुमारें नव्वदांच्या बाबतींत अमुक एकच हाड, स्नायु किंवा चकती दोषी आहे, असें बोट ठेवून सांगतां येत नाहीं. हें ऐकून रोगी खट्टू होतो. वास्तविक त्याला बरें वाटावयास हवें. कारण याच जातीचें दुखणें बहुधा कांहीं आठवड्यांत उतरतें.

मग छायाचित्र काढल्यानें बिघडलें कोठें? बिघडतें तें असें. १९९४ सालीं अमेरिकेंत ज्यांची पाठ मुळींच दुखत नव्हती अशा ९८ माणसांचे एम्. आर. आय. काढून पाहण्यांत आले. त्यांपैकीं निम्म्याहून अधिकांच्या, म्हणजे शेंकडा ५२ जणांच्या, कोठल्या ना कोठल्या चकतीस फुगवटा होता. सर्व चकत्या निर्दोष अशीं माणसें शेंकडा ३६ च निघालीं. डोक्याचे केस पिकावे तशा चकत्याही वयाबरोबर झिजतात. परंतु ‘झीज’, ‘फुगवटा’ हे शब्द अहवालांत वाचल्यावर धडधाकट गृहस्थ बादली उचलावयास भिऊं लागतो.

येथें पायाळूविषयीं दोन शब्द सांगावयास हवेत. पायांकडून जन्मलेल्या माणसाचा पाय लागला कीं उसण उतरते, ही समजूत महाराष्ट्रांत घरोघर आहे, आणि गुण आल्याची साक्ष देणारेही पुष्कळ भेटतात. ते खोटें बोलत नसतात. कळ अगदीं असह्य होते त्याच दिवशीं पायाळूला बोलावणें जातें, आणि कळ कळसास पोंचली म्हणजे त्यानंतर ती बहुधा उतरूंच लागते. यश मात्र पायाळूच्या पदरांत पडतें. कंबरेच्या महागड्या पट्ट्यांना आणि वजनें बांधून कणा ताणण्याच्या उपचारालाही याच न्यायानें नांवलौकिक मिळालेला आहे. उलट पायाळू बिचारा सुपारीवर संतुष्ट असतो. म्हाताऱ्या माणसाच्या ठिसूळ हाडांवर मात्र कोणीही लाथ मारूं नये.

आतां आठ दिवसांच्या अंथरुणाविषयीं. शतकभर डॉक्टर मंडळी हाच सल्ला देत आली होती. १९८६ सालीं टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथें २०३ रोग्यांपैकीं कांहींना दोन दिवस व कांहींना सात दिवस निजून राहण्यास सांगितलें. दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे सात दिवसवाल्यांपेक्षां शेंकडा ४५ नें कमी झाले, आणि बाकी कोणत्याही बाबतींत त्यांचें नुकसान झालें नाहीं. १९९५ सालीं हेलसिंकी नगरपालिकेच्या नोकरांवर झालेल्या प्रयोगांत याच्याही पुढची गोष्ट दिसली: जे सोसेल तेवढीं रोजचीं कामें करीत राहिले, ते निजणाऱ्यांपेक्षां लौकर सुधारले.

याचें मर्म भीतींत आहे. वेदना ही पहारेकऱ्यासारखी असते. एकदां चोरी झाली कीं रात्रींचा पहारेकरी मांजर हाललें तरी शिट्टी फुंकूं लागतो. त्या प्रत्येक शिट्टीला चोर आला असें मानणारें घर कधींच झोंपणार नाहीं. दुखेल म्हणून मनुष्य हालत नाहीं. न हालल्यानें स्नायु दुबळे व ताठर होतात. मग थोड्या हालचालीनेंही दुखतें आणि भीति खरी ठरते. फिरणें सुटतें, नातवाला उचलणें सुटतें, पुढें कामावर जाणेंही सुटतें. २०२० सालीं जगांत ६१ कोटी ९० लाख लोकांस कंबरदुखी होती, आणि माणसास कामांतून उठविणाऱ्या सर्व कारणांत तिचा क्रमांक पहिला लागतो. हा आकडा केवळ हाडांनीं फुगलेला नाहीं. झोंप, चिंता आणि घरच्यांची धास्ती यांचाही त्यांत वांटा आहे.

शाळामास्तरांचाही थोडा वांटा म्हणावा लागेल. ‘ताठ बसा’ असें दटावण्यांत पिढ्यान् पिढ्या गेल्या. पण सर्वांना मानवेल अशी एकच योग्य बैठक आजवर सांपडलेली नाहीं. पाटावर बसावें, खुर्चींत बसावें. फक्त एकाच ठिकाणीं तासन् तास खिळून राहूं नये. संगणकापुढें बसणाऱ्यानें अर्ध्या तासानें उठून पाणी प्यावें, ही शिस्त ताठपणापेक्षां हिताची.

तथापि प्रत्येक पाठदुखी निरुपद्रवी असते, असा अर्थ कोणीं घेऊं नये. लघवी अडली किंवा नकळत होऊं लागली, शौचावरचा ताबा गेला, दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, अथवा पायांतील शक्ति जाऊं लागली, तर त्याच दिवशीं, रात्र असेल तर त्याच रात्रीं, रुग्णालय गांठावें. कण्याच्या शेवटीं असलेल्या मज्जातंतूंच्या जुडग्यावर दाब पडत असतो, आणि तासांच्या विलंबानें जन्माचें अपंगत्व येऊं शकतें. आपल्या देशांत आणखी एक धोका विसरतां येत नाहीं, तो मणक्याच्या क्षयाचा. इंग्लंडांतील पर्सिव्हल पॉट यांनीं १७७९ सालीं त्याचें वर्णन केलें. संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीं घाम, वजन उतरणें आणि निजल्यावरही न थांबणारी कळ अशीं त्याचीं लक्षणें असतात. त्याला ‘उसण’ समजून दोन महिने शेकत बसल्यास मणका ढांसळतो. वेळेवर औषध सुरू झाल्यास तो बरा होतो. पूर्वीं कर्करोग झालेल्यांनीं, स्टिरॉइड दीर्घकाळ घेणाऱ्यांनीं आणि पडल्यानंतर पाठ धरलेल्या वृद्धांनीं तपासणीस विलंब लावूं नये. तरुणाची कंबर पहांटे ताठरून, हिंडल्यावर सैल होत असेल, आणि असें तीन-तीन महिने चालत असेल, तर संधिवाताच्या तज्ज्ञाला दाखवावें. येथें एम्. आर. आय. चे पैसे सार्थकीं लागतात.

त्या गृहस्थाला यांपैकीं कांहींच नाहीं. म्हणून आजींची वीट, फडक्यांत नीट गुंडाळून, खुशाल चालूं द्यावी. ऊबेनें स्नायु सैलावतात. वेदनाशामक गोळी चार दिवस घ्यावयास हरकत नाहीं; मात्र ती जठराला व मूत्रपिंडाला बाधूं शकते, म्हणून वृद्धांनीं आणि रक्तदाब-मधुमेह असलेल्यांनीं डॉक्टरांस विचारूनच घ्यावी. जुनाट कंबरदुखीसाठीं जागतिक आरोग्य संघटनेनें डिसेंबर २०२३ मध्यें जी मार्गदर्शिका काढली, तींत समजूत, व्यायाम आणि मनाचा आधार यांना मान आहे. पट्टे, ताण व अफूजन्य औषधें यांचा नेहमींचा वापर करूं नये, असें सांगितलें आहे. सर्वांत स्वस्त औषधाची परीक्षा ऑस्ट्रेलियांत झाली. कंबरदुखींतून उठलेल्या ७०१ माणसांपैकीं निम्म्यांना चालण्याचा क्रम हळूहळू वाढवून दिला. आठवड्यांतून पांच वेळां, अर्धा अर्धा तास, हें ध्येय. २०२४ सालीं निष्कर्ष छापून आला: न चालणाऱ्यांची कंबर मध्यमानानें ११२ दिवसांनीं पुन्हां धरली, तर चालणाऱ्यांची २०८ दिवसांनीं.

तेव्हां पहिल्या दिवशीं आपल्या हातानें चहाचा पेला घेण्यापुरतें उठावें, दुसऱ्या दिवशीं जिन्यापर्यंत जावें, आणि तिसऱ्या दिवशीं, थोडें दुखत असलें तरी, गृहिणीनें त्यांच्या हातीं हलकीशी पिशवी देऊन कोपऱ्यावरून कोथिंबिरीची जुडी आणावयास पाठवावें.